चाल खरी, पण कॅमेऱ्याचा वेग कोणता?
कॅलिफोर्नियातील ब्लफ क्रीक येथे २० ऑक्टोबर १९६७ रोजी रॉजर पॅटरसन आणि बॉब गिमलिन यांनी चित्रित केलेल्या ‘बिगफूट’ची (अमेरिकेच्या जंगलात राहतो असे म्हटल्या जाणाऱ्या केसाळ, माणसासारख्या प्राण्याची) चाल माणसाला साधणारच नाही, हा आपण मांडलेला मुद्दा मला अपुरा वाटतो. कॅमेरा सेकंदाला १६, १८ की २४ चौकटींच्या (फ्रेम्सच्या) वेगाने चालत होता, हे पॅटरसन यांनाही खात्रीने सांगता आले नाही. आणि शरीराच्या हालचालींचे अभ्यासक ग्रीव्ह यांच्या विश्लेषणानुसार २४ धरल्यास ती चाल माणसाची असू शकते, १६ किंवा १८ धरल्यास तिचा माणसाच्या चालीशी मेळ बसत नाही. दादासाहेब फाळक्यांच्या नाशिक जिल्ह्यात हे वेगळे सांगायला नको, कारण जुने मूकपट भलत्या वेगाने दाखवले की धीरगंभीर राजाही तुरुतुरु पळू लागतो. तो पोशाख घातलेला माणूसच होता असे म्हणणाऱ्यांचा, केसाळ पोशाख कोणी शिवला, हा वाद त्यापुढे गौण आहे.