रोड नेटवर्कवर शॉर्टेस्ट पाथ: बहुतेक वेळ बॅरियरवरच जातोय

प्रश्न
डायमॅक्सचा (शॉर्टेस्ट पाथ स्पर्धेसाठीचा डेटासेट) अख्ख्या अमेरिकेचा रोड ग्राफ आहे, सुमारे 2.4 कोटी नोड (रस्ते मिळतात ते बिंदू) आणि 5.8 कोटी एज (दोन नोडमधले रस्ते, प्रत्येक दिशा वेगळी मोजून). एका सोर्सपासून सगळीकडची अंतरं काढायची आहेत. 8 मशीन, प्रेगेलसारखी रचना (गूगलची ग्राफ-प्रणाली: काम सुपरस्टेप नावाच्या फेऱ्यांत, प्रत्येक फेरीअखेर सगळ्या मशीन एकमेकींसाठी थांबतात तो बॅरियर), नोडची वाटणी हॅशने (क्रमांकावरून, जवळपास कशीही विखुरलेली). सुपरस्टेप हजारोंनी होतात, प्रोफाइलमध्ये बॅरियरच दिसतो आणि नेटवर्क जवळजवळ रिकामं. मशीन वाढवू का?

प्रतिसाद १
नका, उलट हळू होईल. एका सुपरस्टेपमध्ये मेसेज एकच एज पुढे सरकतो. रस्त्यांचा ग्राफ लांबलचक, म्हणून फेऱ्या हजारो आणि प्रत्येक फेरीत काम मोजक्याच नोडना. बॅरियरला 5 मिलिसेकंद धरा, 6000 फेऱ्यांत 30 सेकंद नुसते थांबण्यात गेले.

आधी हॅश काढा. 8 मशीनवर हॅश म्हणजे सरासरी 8 पैकी 7 एज मशीन ओलांडतात. मेटिसने (कमीत कमी एज कापून ग्राफचे भाग पाडणारं सॉफ्टवेअर) 8 भाग पाडा. त्याच्या फाइलमध्ये नोड 1 पासून, एज दोन्ही टोकांच्या ओळींत, पण हेडरमध्ये (पहिल्या ओळीत) एकदाच मोजायची. डायमॅक्समध्ये काही एज दुबार आहेत, त्या काढून मगच हेडरचा आकडा घाला. अंतर हे वजन म्हणून देऊ नका, इथे कापलेल्या एजची संख्या महत्त्वाची.

मग प्रत्येक मशीनवर आपल्या भागापुरता डायक्स्ट्रा (सर्वात जवळचा नोड आधी उघडत जाणारी पद्धत) चालवा, हीप (उघडायच्या नोडची रांग) रिकामा झाला की सीमेवरची अंतरं पाठवा.

प्रतिसाद २
मेटिस बरोबर, पण हीप रिकामा होईपर्यंत थांबू नका. शेजारच्या भागातून येणारा जवळचा रस्ता तोवर कळलेलाच नसतो, त्यामुळे अख्खा भाग फुगलेल्या अंतरांनी भरतो आणि पुढच्या फेरीत तेच काम पुन्हा. उत्तर चुकत नाही (अंतर कमीच होत जातं), वेळ वाया जातो.

डेल्टा ठेवा, म्हणजे एका फेरीत किती अंतरापर्यंत जायचं त्याची मर्यादा. मेसेज पोचले की सगळ्या मशीनच्या हीपमधलं किमान अंतर ऑलरिड्यूसने (सगळ्या मशीनची मूल्यं एकत्र करून उत्तर सगळ्यांना देणारा कॉल) काढा आणि त्यापासून डेल्टाच्या आतलेच नोड उघडा. किमान अनंत आलं (सगळे हीप रिकामे) की काम संपलं, त्यासाठी वेगळा कॉल लागत नाही. डेल्टा लहान तर बॅरियर वाढतात, मोठा तर फुकटची मेहनत. दुप्पट करत करत बघा. सीमेवरच्या नोडचं शेवटचं पाठवलेलं अंतर जपून ठेवा, त्याहून कमी झालं तरच पाठवा.

प्रश्नकर्ता
आणि बॅरियर पूर्णच काढला तर?

प्रतिसाद ३
चालेल, पण थांबायचं कधी हे ठरवणं जिकिरीचं. सगळे हीप रिकामे असतानाही एखादा मेसेज वाटेत असू शकतो. पाठवलेले आणि मिळालेले मेसेज मोजा. सलग दोनदा घेतलेल्या बेरजांचे चारही आकडे सारखे आले तरच थांबा, ही मॅटर्न या संशोधकाची पद्धत. 8 मशीनसाठी एवढा खटाटोप बहुधा परवडणार नाही, आधी डेल्टा लावून मोजा.