शांत ब्लेनी माशासाठी आमची टाकी योग्य आहे का?

प्रश्न : नमस्कार. नाशिकला गंगापूर रोडवरील आमच्या घरी १२० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आठ महिन्यांपासून सुरळीत चालू असून तीत दोन क्लाउनफिश आणि काही मऊ प्रवाळ आहेत. त्यांना त्रास न देणारा टेलस्पॉट ब्लेनी आणण्याचा विचार आहे. खडकांवरचे शेवाळ त्याला पुरेल का?

उत्तर १ : निवड उत्तम आहे. पश्चिम प्रशांत महासागरातील हा मासा जेमतेम ६ सेंटिमीटर वाढतो. खडकातल्या बोटभर भोकात तो शेपटीकडून शिरतो आणि डोके तेवढे बाहेर काढून दोन्ही डोळे वेगवेगळ्या दिशांना फिरवत बसतो. ते पाहताना वेळेचे भान राहत नाही. मात्र केवळ शेवाळावर विसंबू नका, स्पिरुलिनायुक्त (निळ्या-हिरव्या सूक्ष्म शेवाळाचे) खाद्य आणि नोरी (वाळवलेले समुद्री शेवाळ) नियमित द्या. पोट खपाटीला गेलेला मासा घेऊ नये. दुकानात तो खाताना पाहूनच आणावा. ब्लेनी एकच ठेवा, दोन आपसांत भांडतात.

उत्तर २ : जाळीचे झाकण आधी बसवा. माझा पहिला ब्लेनी रात्री उडी मारून बाहेर पडला आणि सकाळी फरशीवर मृत सापडला, याचे दुःख अजून आहे. शिवाय एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीजवळ जातो, तेव्हा पाणी २५-२६ अंशांवर राखा आणि बाष्पीभवनाची तूट मिठाच्या नव्हे, आरओच्या गोड्या पाण्याने भरा.

प्रश्नकर्ता : मनःपूर्वक आभार. झाकण या रविवारीच बसवतो, मासा त्यानंतर आणेन.