शब्बाथशाळा: ३ ते १६ वयाची २६ मुलं, शिक्षक तिघे. पाठ कसे बसवायचे?

शाहूपुरीकर:
जूनपासून मंडळीची (चर्चची) शब्बाथशाळा, म्हणजे रविवारचा मुलांचा बायबलचा वर्ग, माझ्याकडे येतेय. मुलं २६, सगळ्यात लहान ३ वर्षांचं, मोठी १६ची. शिक्षक आम्ही तिघी. जागा म्हणजे एक हॉल आणि मागचा व्हरांडा, वेळ उपासनेआधी ४५ मिनिटं. आजवर सगळ्यांना एकत्र बसवून एकच गोष्ट सांगितली जायची. दहा मिनिटांत बारकी पळत सुटतात आणि नववी-दहावीची पोरं भिंतीला टेकून मोबाईल काढतात. मग दर आठवड्याला तीन वेगळे पाठ तयार करायचे का? आणि वर्षाचं कसं आखायचं?

चिंचोके:
ताई, उतारा एकच ठेवा आणि गट तीन करा: ३ ते ६, ७ ते ११, १२च्या पुढचे. शनिवारी तिघी एकत्र बसलात तर तासाभरात तयारी होते. व्हरांडा मोठ्यांना द्या. बारक्यांना रस्ता दिसला की पाठ संपला.

हरवलेल्या मेंढराचा दाखला (येशूची बोधकथा), लूक १५:१-७, घेऊन बघा. बारक्यांना एवढंच: मेंढरू हरवलं, मेंढपाळ शोधत गेला, सापडल्यावर खांद्यावर घेऊन आला. पाच-सहा मिनिटांत आटपा. मग एकाला चादरीखाली लपवायचं, बाकीच्यांनी शोधायचं. हे तीनदा केलं तरी कंटाळत नाहीत. 'पापी', 'पश्चात्ताप' हे शब्द इथं काढूच नका. 'येशू तुझ्या हृदयात येतो' हेही नको, चार वर्षांचं पोर ते शब्दशः घेतं आणि 'कुठनं येतो?' विचारतं.

मधल्या गटाला परातीत १०० चिंचोके मोजून ठेवायला लावा. डोळे मिटायला सांगून एक काढून घ्या. नुसतं बघून कुणालाच फरक कळत नाही, परत मोजल्यावर ९९ निघतात. म्हणजे मेंढपाळ मोजत असणार, हे मुलांच्याच तोंडून येतं, आधी सांगून मजा घालवू नका. (चिंचोके बारक्यांपासून लांब ठेवा, नाकात घालतात.)

मोठ्यांसाठी वचन १ आणि २, जी लहानांच्या पाठात आपण गाळतो. जकातदार ऐकायला जवळ येतात, परूशी आणि शास्त्री (यहुदी धर्मपुढारी) कुरकुरतात, आणि दाखला त्या कुरकुरीला उत्तर म्हणून येतो. मग एकच प्रश्न टाका: ९९ मेंढरं रानात सोडून एकामागं जाणं हा शहाणपणा होता का? आणि तुम्ही गप्प बसा. पहिली दोन मिनिटं कुणी बोलत नाही. त्या शांततेला घाबरून शिक्षकच उत्तर देऊन टाकतो आणि तास तिथंच बसतो.

गाणी-प्रार्थना ८ मिनिटं, गटात ३०, शेवटची ७ पाठांतराला सगळे एकत्र. वचन सगळ्यांना तेच, माप वेगळं. स्तोत्र २३ घेतलंत तर बारक्यांना 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' एवढे चार शब्द, मधल्यांना पूर्ण पहिलं वचन, मोठ्यांना महिनाभरात सहाही वचनं.

उंबराचं झाड:
वरचं पटलं, भाषेचं मात्र राहिलं. निम्मी मुलं इंग्रजी माध्यमाची असणार. त्यांना छापील शास्त्र (बायबल) मोठ्यानं वाचायला लावू नका. जोडाक्षराला अडखळतात, बाकीचे हसतात, पुढच्या रविवारी पोटात दुखतं. गोष्ट सोप्या मराठीत शिक्षकानं सांगावी. पाठांतराचं वचन मात्र उपासनेत जे भाषांतर वाचतात त्यातलंच, म्हणजे वेदीवरून ऐकल्यावर मुलाचे कान टवकारतात.

आपल्याकडच्या गोष्टी कधी मदत करतात, कधी आडव्या येतात. पेरणाऱ्याचा दाखला (मार्क ४) सांगितला की शेतकऱ्याचं पोर हमखास विचारतं, वाटेवर बी पडलंच कसं? त्यानं कुरीनं पेरताना बघितलंय, तिथं बी नळीतून सरीत जातं. दाखल्यातला माणूस हातानं फोकून पेरतो, तरव्याला भात टाकतात तसं. मूठभर भात घेऊन फरशीवर फोकून दाखवा, कोपऱ्यात, चटईखाली, दारात सगळीकडं जातं. झाडायला वेळ धरा.

जक्कयाचं (लूक १९) सोपं आहे. मराठी शास्त्रात तो उंबरावर चढतो. तिकडचं झाड उंबराच्याच कुळातलं, खोडा-फांद्यांना फळं लागणारं. उंबराची एक फळं लागलेली फांदी आणली की चित्राची गरज नाही. मत्तय २५ला सावध राहा. आपल्याकडं धनगराच्या मेंढरांनाही सर्रास 'बकरी' म्हणतात, त्यामुळं मेंढरं उजवीकडं आणि शेरडं डावीकडं यात पोरांना भेदच कळत नाही. दोन्हीचे फोटो आधी दाखवा.

बावड्याचा:
एक उतारा सगळ्यांना, हे दर रविवारी जमत नाही बघा. उत्पत्ति २२ (अब्राहाम इसहाकाला अर्पायला नेतो) बारक्यांना सांगू नका, त्यांना फक्त बापाच्या हातातली सुरी आठवते. गल्याथाची गोष्ट (१ शमुवेल १७) गोफणीपर्यंत ठीक, वचन ५१मधलं शिर कापणं मोठ्यांसाठी. दावीद आणि बथशेबा १५च्या आत नकोच. महिन्यात तीन रविवार सामायिक, एक वेगळा असं धरा.

मोठ्यांना सलग पुस्तक द्या. रूथ चारच अध्याय, चार रविवार. दुसऱ्या अध्यायात 'सरवा वेचणे' येतं. हा शब्द घरात आजीला विचारून यायला सांगा, गावाकडच्या आज्या बरोबर सांगतात. मग लेवीय १९:९-१० वाचा, कोपऱ्याचं पीक गरिबासाठी सोडायचा नियम. रूथच्या एका दिवसाच्या सरव्याचे सातू एफाभर निघाले, अंदाजे २२ लिटर, म्हणजे पाण्याच्या २० लिटरच्या जारपेक्षा जास्त. जार समोर ठेवून विचारा, हे नुसतं सांडलेलं वेचून होईल का? उत्तर २:१६ मध्ये आहे. शेताचा मालक बवाज गड्यांना सांगतो, पेंढ्यांतलं मुद्दाम काढून टाका. ते वचन पोरांनाच हुडकू द्या.

'म्हणून आईवडिलांचं ऐका' हे दर पाठाच्या शेवटी चिकटवायची खोड सोडा. तिसऱ्या रविवारी पोरं ते तुमच्याआधी म्हणतात.

कॅलेंडर:
वर्षाचं: ५२ रविवार धरू नका, हाती ४० लागतात. जुलै-ऑगस्टला पंचगंगेला पाणी आलं की नदीकाठची मुलं येत नाहीत. तेव्हा सुटे दाखले घ्या, क्रमवार काही नको. योसेफ (उत्पत्ति ३७ पासून) सप्टेंबरला सुरू करून दिवाळीच्या सुटीआधी संपवा. २०२६ मध्ये आगमनकाळाचा (नाताळाआधीच्या चार रविवारांचा) पहिला रविवार २९ नोव्हेंबरला आहे. नाताळच्या नाटकाची तालीम पाठाच्या वेळेत घेतली की नोव्हेंबर-डिसेंबर दोन्ही गेले, ती उपासनेनंतर ठेवा. २०२७चा ईस्टर २८ मार्चला, राखेचा बुधवार, जिथून ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होतो, १० फेब्रुवारीला. त्या काळात दहावीची मुलं धरू नका, येशूच्या दुःखसहनाचे पाठ पाचच करा.

आणखी एक, कुणी बोललं नाही. तीन शिक्षक, तीन गट म्हणजे प्रत्येक गटाशी एकच मोठं माणूस. हे नको. दोन मोठे असल्याशिवाय बारक्यांना शौचालयाला नेऊ नका, दार उघडं ठेवा, मुलांचे फोटो स्टेटसला टाकू नका. पॉक्सो (मुलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा) कायदा २०१२ पासून आहे, मंडळीही त्यातून सुटलेली नाही.

शाहूपुरीकर:
म्हणजे आधी दोन पालक तरी पाळीनं बसवायला हवेत. तोवर दोनच गट करते. ७ ते १६ एकत्र चालतील का?

चिंचोके:
नाही. बारके आणि मधले एकत्र करा, ३ ते ११. त्यातल्या दहा-अकराच्या मुलांना चादर धरायला आणि चिंचोके राखायला द्या. मोठ्यांना लहानांबरोबर बसवलं तर ते यायचेच थांबतील. पालक पाळीनं मिळाले की मधला गट वेगळा काढा.