"ग्राइंडर असताना बँडसॉ म्हणजे माज" म्हणणाऱ्या भावासाठी

पेठेतलं_पातं

परवा इथं एकानं लिहिलं, "घरी सुऱ्या करणाऱ्यानं बँडसॉ घेणं म्हणजे नुसता माज. चार इंची ग्राइंडर, १ मिलिमीटरची चकती, विषय संपला." (बँडसॉ म्हणजे दोन चाकांवरून पट्ट्यासारखं फिरणाऱ्या ब्लेडची करवत.) खाली अंगठ्यांची रांग. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

विषय संपला नाही, माझी शेजारच्या काकींशी बोलाचाली संपली. घर कोल्हापुरात, शिवाजी पेठेत. माझ्या मागच्या पडवीची भिंत तीच त्यांच्या परसाची भिंत. चार वर्षं ग्राइंडरवर पाती कापली. मागच्या उन्हाळ्यात ठिणग्या भिंतीवरून पलीकडं गेल्या आणि सांडग्यांखाली अंथरलेल्या लुगड्याला भोकं पडली. लुगडं त्यांच्या सासूबाईंचं होतं. मी नवीन घेऊन गेलो, तर दारातूनच परत पाठवलं.

बरं, लुगड्याचं सोडा. ईएन-३१ च्या (बेअरिंगच्या पोलादाच्या) ४ मिलिमीटर पट्टीतून ग्राइंडरनं सुरीचा आकार काढा, कड निळी पडते. कापताना ती लाल होते आणि शेजारचं गार पोलाद उष्णता ओढून घेतं. म्हणजे न सांगता कडेला पाणी दिल्यासारखं, तापवून एकदम गार करून कडक केल्यासारखं होतं. मग त्यावर कानस मारा, काचेवरून घसरल्यागत घसरते. बँडसॉवर कापलेली पट्टी लगेच हातात धरता येते.

घेताना तीन पर्याय बघितले. मोठा उभा, १४ इंची चाकांचा: मन भरलं, पडवी भरली असती, खिसा रिकामा झाला असता. आडवा, जो उभाही करता येतो, १६३८ मिलिमीटर ब्लेडचा: कापणी चांगली, पुली बदलून तीन वेग, पण उभा केल्यावर टेबल म्हणून जो पत्रा देतात त्यावर चहाचा कप ठेवायची भीती वाटते. शेवटी हातात धरायचा पोर्टेबल घेतला, ११४० मिलिमीटर ब्लेडचा, आणि स्टँडवर उभा बसवला. स्टँडसकट साडेसतरा हजार. आवाज काकींच्या मिक्सरपेक्षा कमी.

खोट आहे, तीही सांगतो. मशीनचा घसा, म्हणजे ब्लेडपासून मागच्या फ्रेमपर्यंतची जागा, जेमतेम १२० मिलिमीटर. लांब पट्टी वळवताना मागं फ्रेमला अडते, म्हणून दोन्ही टोकांनी कापत यावं लागतं. आणि अर्धा इंच रुंद ब्लेड काही वळत नाही. मुठीच्या पोटात सरळ सरळ काप देऊन एकेक तुकडा पाडायचा. पण माज वगैरे म्हणणाऱ्यानं आधी एक पट्टी कापून बघावी.

चकती_बास

तो "एकानं" म्हणजे मी. नाव घेऊन लिहायचं की भावा, भ्यायलास काय?

साडेसतरा हजारात चकत्या किती येतील ते सोड. तू वर्षाला पाती किती करतोस? पंधरा? म्हणजे दर सुरीमागं हजार रुपये आधीच मशीनला गेलं. जगात भारी!

मी चपलेवाल्यांना रापी, म्हणजे चामडं कापायची सुरी, करून देतो. जुन्या पॉवर हॅकसॉच्या (मशीनवरच्या करवतीच्या) पात्याची, एचएसएस म्हणजे हाय स्पीड स्टीलची. त्याला धार टिकते म्हणून ते लोक तीच मागतात. तुझ्या बँडसॉला दाखव एकदा ते पातं, दात राहतात काय बघ तोंडात. भट्टीत मऊ करून घेतो म्हणशील, तर ते घरच्या भट्टीत सहज मऊ होत नाही. तिथं चकतीच लागते. काकींकडं ठिणग्या जात असतील तर मधे ओलं पोतं टांगायचं. त्याला बँडसॉ लागत नाही, डोकं लागतं.

पेठेतलं_पातं

एचएसएसला चकती, हे मान्य. एकदा मान्य. बाकी महिन्याभरात मी एचएसएस किती कापतो? शून्य. आणि ओलं पोतं टांगलं होतं. ग्राइंडरच्या वाऱ्यानं ते पोतं काकींच्या तुळशीवर पडलं. पुढचं विचारू नकोस.

उद्यमनगर_निवृत्त

दोघांचं भांडण वाचले. ३४ वर्षे कारखान्याच्या टूलरूममध्ये, हत्यारे आणि साचे करण्यात काढली आहेत म्हणून बोलतो. एवढे मोठे लिहिले, पण ब्लेड किती दातांचे लावता ते कुणीच लिहिले नाही! बँडसॉ घेणे म्हणजे ब्लेड घेणे. मशीन नंतर.

कापात एका वेळी तीन दात असावेत. ४ मिलिमीटरला इंचाला १४ दातांचे ब्लेड लावाल तर जेमतेम दोनच दात धातूत राहतात, आणि मग एकेक करून उडतात. १८ लावा. ३ मिलिमीटर पट्टीला २४. बायमेटल घ्या, म्हणजे लवचिक पट्टीला कडक एम-४२ पोलादाचे दात जोडलेले. साधे कार्बनचे घेऊन पैसे वाचत नाहीत. नवीन ब्लेड पहिले दोन-चार काप हलक्या हाताने चालवा, दातांची टोके बसू द्या. जास्त कार्बनच्या स्टीलला वेग मिनिटाला ३० ते ४५ मीटर, त्याच्या वर नाही. आणि हातमोजे काढून ठेवा. बँडसॉजवळ मोजा घालणारा माणूस बोट देणारा असतो.

चकतीवाल्यांनी चकतीच्या मधल्या रिंगवरची तारीख कधी वाचली आहे का? रेझिनच्या चकतीला मुदत असते. ओलीत पडलेली, मुदत गेलेली चकती मिनिटाला अकरा हजार फेऱ्यांवर फुटते तेव्हा पोते आणि डोके दोन्ही कामाला येत नाहीत.

आमच्या वेळी हे काहीच नव्हते. खुणा करायच्या, कडेने ड्रिलची ओळ पाडायची, छिन्नीने उडवायचे आणि पुढे कानस. आयटीआयला पहिले कित्येक आठवडे फक्त कानस. हल्लीची मुले कानस उलटसुलट दोन्ही दिशांना घासतात. ते बघून माझे रक्त आटते.

सागवान_शेड

माझ्याकडं लाकडाचा बँडसॉ पडून होता. म्हटलं ब्लेड बदलू आणि पट्टी कापू. अर्ध्या मिनिटात ब्लेडचे दात गुळगुळीत, शेडभर जळका वास. नंतर कळलं, लाकडाचा मिनिटाला ९०० मीटरच्या आसपास पळतो. पंचवीस-तीस पट वेग कमी करायचा म्हणजे नुसत्या पुलीनं भागत नाही, गिअरबॉक्स लागतो. व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र) लावून मोटर अगदी हळू फिरवली तर ताकद जाते आणि मोटर तापते. उद्यमनगरात जुना वर्म गिअरबॉक्स किलोवर मिळाला, आता मात्र झकास चालतं. पण त्यात गेलेले चार महिने धरले तर साडेसतरा हजार स्वस्त आहेत, हे नाइलाजानं लिहितोय.

मुळामुठा_किनारी

एवढा खटाटोप कशाला? ड्रॉइंग काढा, लेझर कटिंगला द्या. वीस आकार एकसारखे येतील.

चकती_बास

आलं पुणं. आता सुऱ्या पण पार्सलनं मागवा, आम्ही नुसता फोटो काढतो.

पेठेतलं_पातं

लेझरचं चूक नाही. वीस एकसारख्या करायच्या असतील तर शिरोलीच्या एमआयडीसीत देतातच की लोक. मला वीस एकसारख्या करायच्या नाहीत.

भात्यावरचा

मगापासनं वाचायलोय. ईएन-३१ काय, लेझर काय. दुकानातनं पट्टी आणायची, कापायची, घासायची. ह्याला सुरी करणं म्हणत न्हाईत, पेन्सिल तासणं म्हणत्यात.

आमच्या आज्ज्यानं हयातभर ट्रकच्या पाट्याचे, म्हंजे स्प्रिंगच्या पट्टीचे, कोयते केले. ऊसतोडीच्या टोळ्या हंगामाच्या आधी दारात रांग लावायच्या. एक बी कोयता तुटून परत आला न्हाई. पाट्यासारखं पोलाद न्हाई आणि भंगाराच्या भावात मिळतंय.

उद्यमनगर_निवृत्त

परत आला नाही म्हणजे तुटला नाही असे नव्हे. हंगाम संपला की टोळी गावी जाते. तुटलेला कोयता घेऊन बीडहून भांडायला कोण येणार?

पाटा वाईट म्हणत नाही. पण तो लाखो वेळा वाकलेला असतो. डोळ्यांना न दिसणारी भेग आत असते. शिवाय ईएन-४५ (स्प्रिंगचे पोलाद) आहे की आणखी काही, ते कुणी लिहून दिलेले नसते. पाणी देताना तापमान काय धरणार? अंदाजपंचे?

भात्यावरचा

अंदाज न्हवं, नजर. तापलेल्या पोलादानं चुंबक सोडलं की थोडं वर न्यायचं. तेवढं कळतं आम्हाला. टूलरूममधनं बसून लोहाराच्या पोराला शिकवू नका.

पेठेतलं_पातं

शिकवायचं नाही, पण झालेलं सांगतो. दाजींसाठी मटणाची सुरी केली होती, पाट्याचीच. दहा मिलिमीटरचा पाटा ठोकून ठोकून पाचावर आणला, त्यात खांदा गेला. पाणी द्यायला तापवून तेलात बुडवली आणि "टिक्" असा आवाज आला. ज्यानं तो ऐकलाय त्याला पुढचं सांगायला नको. शिकंज्यात धरून मोडली तर आतली चीर अर्धी काळी होती. ताजी फुटलेली असती तर पांढरी चकचकीत दिसली असती. म्हणजे भेग आधीचीच होती, ट्रकवरची.

भात्यावरचा

तेल गार असंल. नाहीतर जास्त तापवलास. पाट्याला नावं ठेवणाऱ्यानं आधी आपला हात बघावा.

चकती_बास

मला पाटावाला पटला. निदान साडेसतरा हजाराचं रडगाणं तरी नाही.

पेठेतलं_पातं

तू कशालाही पटतोस, फक्त माझ्या विरुद्ध असलं पाहिजे. आणि काळी चीर माझ्या हातानं कशी येईल, तेवढं कुणीतरी सांगा. मूळ प्रश्न बँडसॉचा होता, आठवण करून देतो.

उद्यमनगर_निवृत्त

बँडसॉचे उत्तर दिले आहे, १८ दात.

पाट्याचे भांडण मिटवायला फाउंड्रीतली जुनी युक्ती सांगतो. पाटा घासून स्वच्छ करा, रॉकेल चोळा, अर्ध्या तासाने पुसून कोरडा करा आणि वर खडूची पूड पसरा. भेग असेल तर आतले रॉकेल खडूत चढते, रेघ दिसते. कास्टिंगचा तडा आम्ही असाच शोधायचो. फुकटचे आहे. करून बघा आणि मग आज्ज्याचे नाव घ्या.

भात्यावरचा

आज्ज्याचं नाव तुम्ही घेऊ नका. रॉकेल आता मिळतं कुठं?

उद्यमनगर_निवृत्त

डिझेल चालेल. कारणे नको.

भात्यावरचा

चार दिवसांनी लिहायलोय. डिझेल-खडू करून बघितलं. सहा पाटे होते, एकात मधल्या भोकाजवळ रेघ आली. एकातच. बाकीचे पाच चांगले हायत, हे बी लिहून ठेवा. खडूचे पैसे टूलरूमनं द्यावेत.

आणि पेठेतल्या, एक विचारायचं होतं. चांगल्यातला एक पाटा गुऱ्हाळाच्या राखेत रातभर गाडून मऊ केलाय, सकाळी काढला तवा कोमट होता. कानस लागती त्याला आता. जाडी १० मिलिमीटर. छिन्नीनं लांबीत दोन भाग करायला हात दुखतोय. तुझ्या त्या खेळण्यावर कापला जाईल काय?

पेठेतलं_पातं

खेळणं म्हणालास म्हणून खरं तर नाही म्हणणार होतो. जाईल. १० मिलिमीटरला माझं १८ चं ब्लेड चालेल, १४ असेल तर अजून बरं. लांबीत चिरायचा म्हणजे घसा आडवा येणार, दोन्ही टोकांनी कापत यावं लागेल, म्हणून घशाच्या दुपटीपेक्षा आखूड तुकडा आण. रविवारी सकाळी ये. राखेत नीट मऊ झालेला नसला आणि दात गेले, तर ब्लेड तू आणायचं.

चकती_बास

मी पण येतो. चकती घेऊन. लागली तर.

पेठेतलं_पातं

ये. पण पडवीत ग्राइंडर चालू करणार नाहीस. काकींनी काल पहिल्यांदा वाटीभर आमटी पाठवलीय.