ऑलिव्ह ग्रीन, पण ‘फिकट’ नव्हे: भिंतीच्या या रंगाला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न

बैठकीच्या खोलीला ऑलिव्ह ग्रीन द्यायचं ठरलं. भडक नको, डोळ्यांना गार वाटेल असा हवा. रंगारी दादांना मी सांगितलं, “ऑलिव्ह द्या, पण फिकट.” त्यांनी मान डोलावली. संध्याकाळी येऊन बघते तर एका भिंतीवर दोन हात मारून झालेले आणि भिंत चक्क पिस्ता! त्यांची काहीच चूक नाही. मी फिकट म्हटलं, त्यांनी पांढरा मिसळला. शेड कार्डवर मला आवडलेला रंग मुळात फिकट नाहीच. चांगला गडद आहे, फक्त अंगावर येत नाही.

तेव्हापासून शब्द शोधते आहे. मळकट, विटका, उतरलेला, निस्तेज एवढंच सुचतं. नव्या भिंतीबद्दल असं कोण बोलेल? आणि ‘ऑलिव्ह’ला तरी आपला शब्द आहे का?

प्रतिसाद

ताई, रंगाच्या बाबतीत आपण दोन वेगळ्या गोष्टी एकाच शब्दात कोंबतो, त्यातून हा पिस्ता उगवला. शब्दांकडे वळण्याआधी ती गाठ सोडवू.

आल्बर्ट मन्सेल या चित्रकाराने 1905 साली रंग मोजायची एक पद्धत मांडली. तिच्यात प्रत्येक रंगाची तीन मापं आहेत. पहिलं, रंग कोणता: हिरवा, पिवळा, निळा. दुसरं, तो काळ्याच्या जवळचा की पांढऱ्याच्या. तिसरं, त्याच उजेडाच्या राखाडीपासून तो किती दूर आहे, म्हणजे रंगात रंग किती आहे. आपलं ‘गडद–फिकट’ हे दुसरं माप. तुम्हाला कमी करायचं होतं ते तिसरं. गडद रंगही शांत असू शकतो आणि उजळ रंगही भडक असू शकतो. पोपटी आठवून बघा.

आता मराठी या तिसऱ्या मापाचं काय करते ते पाहा. मला तर हे बघताना फार आनंद होतो. हिरवागार, हिरवाकंच, लालभडक, पिवळाधमक, पिवळाजर्द, निळाशार, काळाकुट्ट, काळाभोर, पांढराशुभ्र. प्रत्येक रंगाला स्वतःचा जोडीदार! पिवळ्याचा धमक हिरव्याला लावता येत नाही, निळ्याचा शार लालला शोभत नाही. (जर्द म्हणजे फारसीत पिवळाच, म्हणजे पिवळाजर्दमध्ये पिवळा दोनदा आला.) हे सगळे जोडीदार रंगाला वर नेतात, भरतात, पेटवतात. खाली आणणारा एक तरी आहे का? मला एकच आठवला: पांढराफटक. तोही घाबरलेल्या किंवा आजारी माणसाच्या चेहऱ्याचा.

प्रत्ययांचंही तेच. ‘सर’ तटस्थ आहे: पिवळसर, काळसर, लालसर. ‘ट’ लागला की नाक मुरडल्याचा सूर येतो: पिवळट, काळपट, मातकट, मळकट. कागद पिवळसर असेल तर तो तसाच बनवलेला असतो, पिवळट असेल तर जुना झालेला असतो. ‘हिरवट’ तुमच्या कामाचा वाटेल, पण कच्च्या चवीला आणि वासालाही आपण हिरवट म्हणतो, आणि माणसाला लावला तर काय अर्थ होतो ते तुम्ही जाणताच.

हा एकट्या मराठीचा दोष नाही. इंग्रजीत लष्करी हिरव्याला ‘ऑलिव्ह ड्रॅब’ म्हणतात. त्यातला ड्रॅब मुळात कापडावरून आला. न रंगवलेल्या कापडाचा करडा-तपकिरी रंग, इतकाच त्याचा अर्थ होता. पुढे तोच शब्द ‘कंटाळवाणा’ झाला. शांत रंगांची नावं सगळीकडेच बदनाम होतात बहुधा.

तरी मराठीत या कामाचे शब्द आहेत, फक्त ते रंगाच्या कप्प्यात नाहीत. आवाजाच्या कप्प्यात ‘दबका’ आहे. स्वभावाच्या कप्प्यात ‘मवाळ’ आणि ‘सौम्य’ आहेत. ‘मुरलेला’ही आहे. यातला मवाळ मला सर्वांत योग्य वाटतो. दबक्यात भीती आहे, कुणीतरी दाबल्याची खूण आहे. सौम्य जरा औषधी वाटतो. मवाळ मात्र स्वतःहून तसा असतो, आणि समोर ‘जहाल’ उभा असल्यामुळे अर्थ चटकन पोचतो. भडक–मवाळ ही जोडी गडद–फिकटच्या शेजारी ठेवली की रंगाऱ्याला चारही दिशा सांगता येतात: गडद आणि भडक, गडद पण मवाळ, फिकट पण भडक, फिकट आणि मवाळ.

प्रतिसाद

मवाळ पटला. ऑलिव्हला ‘शेवाळी’ म्हणा की! साड्यांच्या दुकानापासून सगळीकडे रूढ आहे. मवाळ शेवाळी.

प्रतिसाद

शेवाळी कापडाला ठीक आहे, भिंतीला नको. “आमची भिंत शेवाळी आहे” म्हटलं की ऐकणारा विचारेल, ओल कुठून येते? भिंतीवर शेवाळ ही आपल्या डोक्यात तक्रारच असते. शिवाय शेवाळं ताजं असताना चांगलं हिरवंगार असतं, त्यात ऑलिव्हचा पिवळा-तपकिरीपणा नाही.

मग ‘जैतुनी’ कसा वाटतो? जैतून म्हणजे ऑलिव्हच.

प्रतिसाद (वर ‘मवाळ’ सुचवणारा मीच)

ओलीचा मुद्दा बिनतोड आहे. शब्द बरोबर असूनही जागा चुकली की अर्थ उलटतो, त्याचं इतकं चांगलं उदाहरण मलाही सुचलं नसतं.

जैतुनीबद्दल मात्र शंका आहे. जैतून अरबीतून आलेला, शब्द सुरेख आहे, पण मराठी रंगनाम कसं तयार होतं ते बघा. पोपट पाहिलेला असतो म्हणून पोपटी. जांभूळ, वीट, राख, बदाम, डाळिंब, अंजीर, मोरपीस हे सगळं नजरेखालचं असतं म्हणून जांभळा, विटकरी, राखाडी, बदामी, डाळिंबी, अंजिरी, मोरपंखी. नावातच नमुना असतो, शेड कार्डाची गरज पडत नाही. जैतून मराठी बोलणाऱ्या बहुतेकांनी झाडावर पाहिलेलं नाही, त्यामुळे जैतुनी ऐकून डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही. ज्यांनी पाहिलं आहे त्यांचीही पंचाईत आहे, कारण ते फळ कच्चं असताना हिरवं आणि पिकलं की काळपट जांभळं होतं, तर पानं वरून करडी हिरवी आणि खालून रुपेरी. यातला ‘जैतुनी’ कोणता?

(‘ऑलिव्ह’ नाव मात्र रंगकामात आडवळणाने आधीच येऊन बसलेलं आहे. ऑइल हा शब्द लॅटिनमधून आला आणि तिथे त्याचा मूळ अर्थ ऑलिव्हचं तेल. म्हणजे ‘ऑइल पेंट’ म्हणताना दर वेळी आपण ऑलिव्हचंच नाव घेतो.)

आता एक गंमत. संगणकाच्या पडद्यावर ‘ऑलिव्ह’ नावाचा जो ठरलेला रंग आहे त्यात 0 ते 255 या मापात लाल 128, हिरवा 128 आणि निळा 0 असतो. शुद्ध पिवळा म्हणजे लाल 255, हिरवा 255, निळा 0. जवळजवळ निम्मा! म्हणजे पडद्यावरचा ऑलिव्ह हा हिरवा नाहीच, तो अंधारात नेलेला पिवळा आहे. डब्यातल्या रंगातही हेच दिसतं. पिवळ्यात थोडा काळा घाला, हिरव्याचा थेंबही नसताना ऑलिव्ह उमटतो. मी हे पहिल्यांदा एका बशीत करून पाहिलं तेव्हा काडीने ढवळताना पिवळ्यातून हिरवा वर आलेला बघून थांबलोच. पुन्हा वेगळा पिवळा घेऊन केलं. पुन्हा तेच.

म्हणून नाव असं हवं की ज्यात पिवळेपणा, मातीचा अंश आणि कोरडेपणा तिन्ही यावेत. माझं मत ‘मेंदी’ला. वाळवलेल्या मेंदीच्या पानांची पूड डोळ्यांपुढे आणा: हिरवी, पण पिवळ्याकडे झुकलेली, कोरडी, किंचित मातकट. मॅट रंगाची भिंत वाळल्यावर अगदी तशीच दिसते.

प्रतिसाद

मेंदीला माझी हरकत! मेंदीचा रंग म्हणजे हातावर उमटतो तो लालसर तपकिरी. “मेंदी छान रंगली” म्हणताना हिरवा कुणाच्या मनात असतो?

प्रतिसाद (पुन्हा मीच)

हरकत योग्य आहे, पण भाषेने त्याची सोय करून ठेवली आहे. ‘मेंदीचा रंग’ म्हटलं की हातावरचा लाल, ‘मेंदी रंग’ किंवा ‘मेंदी कलर’ म्हटलं की पुडीचा हिरवा. एका ‘चा’ने फरक पडतो. “मेंदी कलरचा ब्लाउज” ऐकून लाल ब्लाउज कुणी काढून देत नाही. भिंतीच्या बाबतीत ‘मेंदी हिरवा’ म्हटलं की उरलीसुरली शंकाही जाते.

‘खाकी’ कुणी सुचवण्याआधीच सांगतो: खाक म्हणजे धूळ, माती. तिथे हिरवा संपलेला असतो.

प्रतिसाद

मी घरं रंगवण्याच्या कामात बरीच वर्षं आहे. शब्द तुम्ही ठरवा, मी कामाचं सांगतो, कारण शब्द बरोबर असला तरी भिंत दगा देते.

हिरवा मवाळ करायचा तर त्यात पांढरा नाही, त्याच्या विरुद्धचा रंग घालायचा. हिरव्याच्या समोर लाल. तांबड्या स्टेनरचा (रंगात मिसळायच्या दाट रंगाचा) अगदी थोडा अंश पुरतो, हिरव्याचा जोर बसतो आणि गडदपणा तसाच राहतो. जास्त पडला तर सरळ तपकिरी. म्हणून डब्यावर हात चालवण्यापेक्षा मशीनवर टिंट केलेली ठरलेली शेड घ्यावी, पुन्हा लागला तर तोच मिळतो.

ओल्या रंगावर मत देऊ नका. इमल्शन वाळलं की बहुधा एक पायरी गडद होतं. आणि शेड कार्डवरच्या बोटभर चौकोनात मवाळ दिसणारा रंग चार भिंतींवर गेला की जोरात दिसतो, त्यामुळे कार्डवर जरा जास्तच शांत वाटणारा निवडा. चकाकी टाळा. मॅटमध्ये हा रंग मवाळ राहतो, ग्लॉसीमध्ये भडकतो आणि लांबी (पुट्टी) नीट घासलेली नसेल तर तेही दाखवतो.

दिव्याचंही आहे. 2700 केल्विनच्या पिवळ्या दिव्याखाली ऑलिव्ह तपकिरीकडे सरकतो, 6500 च्या पांढऱ्या दिव्याखाली करडा आणि थंड पडतो. दुपारी पसंत केलेली भिंत रात्री दुसरीच दिसते ती यामुळे.

प्रतिसाद (‘मवाळ’वाला)

दादा, ‘हिरव्याचा जोर बसतो’ हे तुम्ही सहज लिहून गेलात, पण या चर्चेतला सर्वांत नेमका मराठी वाक्प्रयोग तोच आहे! आवाज बसतो, धूळ बसते, राग बसतो, तसा जोर बसतो. आणि कोटला ‘हात’ म्हणणं, पुट्टीला लांबी म्हणणं, हे शब्द कामातूनच टिकले आहेत.

तुमच्या भिंत दगा देण्याला शेजारच्या रंगांचाही हातभार असतो. मिशेल शेव्हरूल हा रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोबलँ या विणलेल्या चित्रपडद्यांच्या कारखान्यात रंगाईचा प्रमुख होता. काळ्या धाग्याचा रंग नीट चढत नाही अशी तक्रार त्याच्याकडे आली. धागा तपासला तर तो ठीक होता. शेजारी विणलेल्या रंगांमुळे काळा उतरलेला दिसत होता. यावर त्याने 1839 साली मोठा ग्रंथच लिहिला. म्हणून ताई, विटकरी गालिचा किंवा तांबूस लाकूड शेजारी आलं तर मेंदी भिंत जास्त हिरवी दिसेल. पोपटी पडदा लावलात तर तीच भिंत तपकिरी वाटेल. छताला पांढराशुभ्र देऊ नका, कडा चाकूने कापल्यासारख्या दिसतात. मोतिया द्या.

प्रश्न विचारणारी

काल पुठ्ठ्याच्या दोन फुटी चौकोनावर दोन हात मारून घेतले. सकाळी खिडकीशी धरला, दुपारी कोपऱ्यात टेकवला, रात्री दिव्याखाली. खिडकीशी हिरवा होता, कोपऱ्यात जवळजवळ मातीचा. दोन्ही आवडले.

आज रंगारी दादांना म्हटलं, “मवाळ मेंदी हवा. गडद चालेल, भडक नको.” त्यांनी क्षणभर विचार केला आणि विचारलं, “म्हणजे वाळलेल्या पाल्यासारखा?”

त्या पिस्ता भिंतीवर उद्या पहिला हात पडतोय.