मदत हवी आहे: फोर्कच्या मूळ लेखकाने परवानाभंगाची तक्रार केली आहे, ४८ तासांची मुदत

चित्रपट्टी
तातडीचं आहे, थेट मुद्द्यावर येतो. दोन वर्षांपूर्वी सबटायटल संपादनाचा एक मुक्तस्रोत प्रोग्राम मी फोर्क केला, म्हणजे त्याच्या कोडची प्रत घेऊन वेगळा प्रकल्प सुरू केला. मूळ लेखकाने त्याआधी तीन वर्षं एकही कमिट (कोडमधल्या बदलाची नोंद) केली नव्हती, इश्यूंना (वापरणाऱ्यांच्या तक्रारींना) उत्तरं देत नव्हता. मी नाव बदललं, साठेक बग काढले, विंडोज आणि मॅकसाठी इन्स्टॉलर दिले. आता बहुतेक लोक माझाच वापरतात. काल मूळ लेखक अचानक उगवला. माझ्या रेपोत (कोड ठेवलाय त्या जागी) इश्यू उघडून म्हणतो, तू माझं श्रेय पुसलंस, परवाना मोडलास, ४८ तासांत सुधारलं नाहीस तर होस्टिंगवाल्यांना नोटीस पाठवतो. अरे, रीडमीच्या (प्रकल्पाची ओळख देणाऱ्या फाइलीच्या) पहिल्याच परिच्छेदात त्याच्या प्रकल्पाचं नाव आणि लिंक आहे! आणखी काय करायला हवं? तो खरंच रेपो उतरवू शकतो का? त्याला उत्तर काय देऊ?

रात्रपाळी
परवाना कुठला ते लिहिलंच नाही. त्याशिवाय कुणी काही सांगू शकणार नाही.

चित्रपट्टी
एमआयटी, अगदी मोकळा परवाना. म्हणून तर म्हणतोय, एमआयटीत सगळं चालतं.

खटपट्या
घाबरू नका. तीन वर्षं वाऱ्यावर सोडलेल्या कोडवर हक्क सांगायला आता आलाय. तुम्ही जिवंत ठेवलात म्हणून लोकांना तो माहीत तरी आहे. इश्यू बंद करा आणि कामाला लागा.

मुळाक्षर
खटपट्या, कृपया असा सल्ला देऊ नका. कमिट थांबल्या म्हणून कॉपीराइट संपत नाही. बर्न या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे तो लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर किमान ५० वर्षं टिकतो, आणि त्यासाठी कुठे नोंदणी करावी लागत नाही.

धागाकर्ते, एमआयटीत सगळं चालतं हे जवळजवळ खरं आहे. बदला, विका, बंदिस्त करा, काहीही करा. पण एक अट आहे: कॉपीराइटची ओळ आणि परवान्याचा मजकूर प्रत्येक प्रतीत राहिला पाहिजे. रीडमीतली लिंक म्हणजे तुमचा चांगुलपणा झाला, अट त्याने पुरी होत नाही. तुमच्या लायसन्स फाइलची पहिली ओळ इथे चिकटवा.

चित्रपट्टी
फाइल जागेवर आहे. पण आत्ता उघडून पाहिली तर कॉपीराइटच्या ओळीत २०१५ हे साल त्याचं आहे आणि पुढे माझ्या प्रकल्पाचं नाव आणि 'टीम'. हे मी मुद्दाम केलेलं नाही. नाव बदलताना सगळ्या फाइलींवर एकदम शोधा-आणि-बदला चालवलं होतं. मूळ ओळीत जुन्या प्रकल्पाचं नाव होतं, तेही त्यात बदललं गेलं. प्रत्येक सोर्स फाइलच्या डोक्यावरही तेच झालंय.

मुळाक्षर
म्हणजे त्याची तक्रार खरी आहे. हेतू नव्हता हे मला पटतं, पण वाचणाऱ्याला असंच दिसतं की २०१५ पासूनचं सगळं तुमचं आहे.

हे किरकोळ समजू नका. अमेरिकेतला २००८ चा जेकबसन विरुद्ध कॅट्झर हा खटला याच स्वरूपाचा होता. मॉडेल रेल्वे चालवण्याच्या एका मुक्त सॉफ्टवेअरमधल्या फाइली दुसऱ्याने आपल्या उत्पादनात घेतल्या, पण लेखकांची नावं आणि कॉपीराइटच्या ओळी गाळल्या. तो परवाना आर्टिस्टिक लायसन्स होता, एमआयटी नव्हे. अपील न्यायालयाने म्हटलं की अशा अटी हा कॉपीराइटच्या परवानगीचाच भाग आहे, अट मोडणं हा केवळ करारभंग नाही. कोड फुकट दिला होता म्हणून अट सैल पडली नाही.

रात्रपाळी
गिट लॉगमध्ये (कोडच्या बदलांच्या इतिहासात) पहिली कमिट कुणाच्या नावावर आहे?

चित्रपट्टी
त्याचा इथे काय संबंध? माझ्या नावावर. मी झिप उतरवून नवा रेपो केला होता. जुन्या इतिहासात व्हिडिओचे नमुने होते, क्लोन केलं (रेपोची प्रत उतरवली) की ९०० एमबी. कोण घेणार ते?

रात्रपाळी
संबंध आहे. आज तुमच्या रेपोत कुठल्याही ओळीवर ब्लेम (ओळ कुणी लिहिली ते सांगणारी गिटची आज्ञा) चालवला तर तुमचंच नाव येणार. मूळ रेपोत आणखी किती लोक होते?

चित्रपट्टी
अकरा.

रात्रपाळी
म्हणजे बारा जणांचं काम एका कमिटमध्ये तुमच्या नावावर गेलं. त्या माणसाच्या जागी मी असतो तर लायसन्स फाइलपेक्षा मला हे जास्त लागलं असतं.

निळी_शाई
नवा प्रकल्प सुरू करणाऱ्यांसाठी सांगते, एमपीएल २.० (मोझिलाचा परवाना) घ्या. कोड खुला ठेवण्याचं बंधन फाइलीपुरतं असतं, बाकीच्या कोडला हात लागत नाही. आम्ही सगळे प्रकल्प तिकडे नेले.

चित्रपट्टी
ताई, प्रश्न तो नाहीये. माझे आता ३० तास उरलेत.

जुनी_फांदी
ब्लेम कुणाच्या नावावर येतो याबद्दल एमआयटीत एक अक्षर नाही. झिपमधून रेपो करणं पूर्ण कायदेशीर आहे. रात्रपाळी, तुम्ही श्रेय आणि परवाना यांची गल्लत करताय, आणि त्यामुळे धागाकर्त्याला नेमकं काय करणं भाग आहे तेच कळत नाहीये.

रात्रपाळी
गल्लत नाही. भाग काय आहे ते मुळाक्षर यांनी सांगितलं. मी काय करावं ते सांगतोय. शिवाय इतिहास हा पुरावाही असतो. २०२४ च्या एप्रिलमध्ये हॅशिकॉर्प कंपनीने तिच्या टेराफॉर्म प्रोग्रामचा फोर्क असलेल्या ओपनटोफूवर आरोप केला की टेराफॉर्मचा नव्या परवान्याखालचा कोड उचललाय. ओपनटोफूने एकेक भाग दाखवून उत्तर दिलं की हा कोड जुन्या, एमपीएलखालच्या आवृत्तीतून आलाय. ओळ कुठून आली हे दाखवता येत होतं म्हणून ते उत्तर देता आलं. या धाग्यात धागाकर्त्यालाच सांगता येत नाही की कुठली ओळ त्याची आणि कुठली त्याची नाही.

जुनी_फांदी
हे मात्र मान्य. मग दुरुस्ती सांगतो. मूळ रेपो रिमोट (दूरचा स्रोत) म्हणून जोडा आणि सगळा इतिहास एकदा फेच करा (उतरवून घ्या), ९०० एमबी सोसा. तुमच्या पहिल्या कमिटचा ट्री हॅश (त्या वेळच्या सगळ्या फाइलींचा ठसा) काढा आणि मूळ लॉगमधल्या ट्री हॅशांशी ताडून पाहा. झिप न बदलता टाकली असेल तर एक कमिट हुबेहूब जुळेल. मग गिट रिप्लेसचा ग्राफ्ट पर्याय वापरून तुमची दुसरी कमिट त्या कमिटवर कलम करा, आणि फिल्टर-रेपो (इतिहास नव्याने लिहिणारं साधन) चालवून ते कायम करा. व्हिडिओचे ब्लॉब (साठवलेल्या फाइली) त्याच वेळी गाळता येतील, लेखकांची नावं राहतील. मात्र जुळणी आधी, गाळणी नंतर. उलट केलंत तर हॅश जुळणार नाहीत.

खटपट्या
एवढा खटाटोप कशाला? असंबद्ध इतिहासांना परवानगी देऊन अवर्स पद्धतीने (आपल्याच फाइली कायम ठेवून) मर्ज करा, म्हणजे दोन्ही इतिहास जोडा. एक कमिट, काम फत्ते. हॅश बदलत नाहीत, ज्यांनी क्लोन केलंय त्यांना त्रास नाही.

जुनी_फांदी
मर्जने इतिहास जोडला जाईल, पण ब्लेम तसाच राहील. ओळ पहिल्या पालकात (मर्जच्या आधीच्या कमिटमध्ये) जशीच्या तशी सापडली की गिट तिकडेच जातो, आणि तो पालक म्हणजे धागाकर्त्याची शाखा. करून पाहा.

खटपट्या
पाहिलं. बरोबर आहे तुमचं. तरी सगळ्यांना पुन्हा क्लोन करायला लावणं मला पटत नाही.

अर्धविराम
उशिरा आलो. मूळ रेपो धुंडाळला (नाव सांगत नाही, ओळखता आला). पार्सरच्या (सबटायटल फाइल वाचणाऱ्या भागाच्या) फोल्डरमधल्या सहा फाइलींच्या डोक्यावर वेगळ्याच माणसाचं नाव आहे आणि परवाना जीपीएल (वाटलेला पूर्ण प्रोग्राम त्याच परवान्याखाली खुला ठेवायला लावणारा), आवृत्ती ३ किंवा नंतरची. धागाकर्ते, त्या फाइली अजून वापरात आहेत का?

चित्रपट्टी
आहेत. तो फोल्डर मी कधी उघडलाच नाही. थांबा, म्हणजे मूळ लेखकानेच जीपीएल कोड एमआयटी म्हणून वाटला? मग तोच दोषी! हेच त्याला उत्तर म्हणून लिहितो.

मुळाक्षर
लिहू नका. त्याची चूक असेल, पण तुम्हीही इन्स्टॉलर वाटलेत, म्हणजे तीच चूक तुमच्याकडूनही झाली. त्या सहा फाइली एकाच प्रोग्राममध्ये गुंफलेल्या असतील तर पूर्ण इन्स्टॉलर जीपीएल ३ खाली द्यावा लागतो. बाकीच्या एमआयटी फाइली आपापल्या ओळींसह एमआयटीच राहतात. तुम्ही बदल केलेत याची ठळक नोंद आणि तारीख प्रोग्रामसोबत हवी, आणि वाटलेल्या प्रत्येक इन्स्टॉलरचा नेमका सोर्स मिळायला हवा. आवृत्तीनुसार टॅग (इतिहासातल्या खुणा) आहेत ना?

चित्रपट्टी
टॅग आहेत. जीपीएल ३ मध्ये मुदत मिळते असं ऐकलंय, ३० दिवस. मग हे ४८ तास कुठून आले?

अर्धविराम
ते ३० दिवस कलम ८ मध्ये आहेत. त्या कॉपीराइटधारकाने पहिल्यांदाच कळवलं आणि ३० दिवसांत दुरुस्त केलं तर हक्क परत मिळतात. पण ते पार्सरच्या लेखकाच्या बाबतीत, आणि त्याने अजून तक्रार केलेली नाही. एमआयटीत मुदतीचा उल्लेखच नाही. ४८ तास ही तक्रारदाराने स्वतः घातलेली मुदत आहे.

रेपो उतरवू शकतो का, तर अमेरिकेच्या डीएमसीए या कॉपीराइट कायद्याखाली नोटीस गेली तर होस्टिंगवाले बहुधा आधी उतरवतात. तुम्ही प्रतिनोटीस दिलीत आणि तो कोर्टात गेला नाही तर १० ते १४ कामाच्या दिवसांत परत चढतं. पण प्रतिनोटीस खोटी साक्ष दिल्याच्या शिक्षेची जबाबदारी घेऊन द्यावी लागते. त्याची ओळ पुसली गेली हे तुम्ही इथेच मान्य केलंय. त्या वाटेला जाऊ नका.

चित्रपट्टी
त्याला 'अबाउट'च्या खिडकीतही नाव हवंय आणि नोंद मुख्य पानावर ठळक हवीय. हेही द्यावं लागतं का?

मुळाक्षर
मुख्य पानाचं परवान्यात काही नाही, ते तुमच्या मर्जीवर. अबाउटचं मात्र पाहायला हवं. जीपीएल ३ प्रमाणे मूळ प्रोग्राम पडद्यावर कॉपीराइटची नोंद दाखवत असेल तर फोर्कनेही दाखवायची असते. मूळ दाखवत नसेल तर तुमच्यावरही बंधन नाही. मूळच्या अबाउटमध्ये काय होतं?

चित्रपट्टी
होती नोंद. शोधा-आणि-बदलाने तीही गेली.

रात्रपाळी
मग त्याला आजच लिहा. काय चुकलं, कसं चुकलं, काय कधीपर्यंत होईल, एवढंच. रीडमीत लिंक होती हे त्या उत्तरात घालू नका.

चित्रपट्टी
काल रात्रभर बसलो. कॉपीराइटच्या मूळ ओळी सगळीकडे परत आणल्या, माझी ओळ खाली वेगळी घातली. पहिल्या कमिटचा ट्री हॅश खरंच एका कमिटशी तंतोतंत जुळला. कलम केलं, व्हिडिओ गाळले, रेपो ४० एमबीचा झाला. ब्लेममध्ये आता बाराही जणांची नावं दिसतात. पार्सरसाठी जीपीएलचा मजकूर जोडला आणि इन्स्टॉलरचा परवाना बदलला. जुने इन्स्टॉलर उतरवले. मूळ लेखकाला लिहिलं, पार्सरबद्दलही सांगितलं, आरोप न करता. त्याचं उत्तर दोन ओळींचं आलं: नोटीस पाठवत नाही, आणि पार्सरचं त्यालाही ठाऊक नव्हतं, त्या लेखकाला तो स्वतः लिहितोय.

निळी_शाई
छान झालं. एमपीएलचा विचार पुढच्या वेळी तरी नक्की करा.

अर्धविराम
डाउनलोडच्या पानावर मॅकचा इन्स्टॉलर अजून जुनाच आहे. उघडून पाहिला, अबाउटमध्ये फक्त तुमचं नाव.

चित्रपट्टी
आत्ता उतरवला. नवा बिल्ड लावलाय, तासाभरात चढेल.