मुरमाड माळावरचं सीताफळ : खड्ड्याचा तळ बघा

खत-पाणी वेळेवर असूनही मुरमाड उतारावरची सीताफळाची रोपं ऐन पावसात पिवळी पडून मेली, अशी एका शेतकऱ्याची तक्रार आहे. माझ्या मते दोष खड्ड्याच्या तळाचा. कातळात दोन फूट खोदलेला खड्डा पाणी धरून ठेवतो, मुळं कुजतात. लावणीआधी त्यात दोन बादल्या पाणी ओता; दुसऱ्या दिवशीही साचलेलं दिसलं तर पहारीने तळ फोडा. नाहीच फुटला तर ती जागा सोडाच. भरायला निम्मा मुरूम, निम्मी गाळमाती, दोन घमेली कुजलेलं शेणखत. नुसता काळा गाळ नको, उन्हाळ्यात तो भेगाळून बारीक मुळ्या तोडतो. माती बसते, म्हणून चार बोटं उंच भरा. निघालेल्या दगडांची अर्धचंद्राकृती ताल (छोटा दगडी बांध) रोपाच्या उताराकडच्या अंगाला घाला.